सेटरमधील डेटाबेस-लेखन आणि कंट्रोलर

वस्तूच्या गुणधर्मास मूल्य देणाऱ्या पद्धतीस ‘सेटर’ म्हणतात. रूबी भाषेत बरोबरचे चिन्ह वापरून केलेली अशी नेमणूक साध्या चलातील बदलासारखी दिसते. वस्तुतः तेथे एक पद्धत कार्यान्वित होते व तिच्या पोटात काहीही घडू शकते. आज्ञावली वाचणारा मात्र हे गृहीत धरत नाही.

डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘रूबी ऑन रेल्स’ या वेब-प्रणालीत याचे बोलके उदाहरण आढळते. ग्रंथालयाच्या नोंदींत ग्रंथ आणि विषय हे एका जोडकोष्टकाद्वारे संबद्ध आहेत, असे समजू. वापरकर्त्याने जुन्या नोंदीतील विषय बदलले. परंतु शीर्षकाची चौकट रिकामी राहिली. कंट्रोलर प्रथम अर्जातील मूल्ये ग्रंथास देतो आणि त्यानंतर ‘सेव्ह’ ही पद्धत वापरतो. शीर्षकाअभावी वैधता-तपासणी फसते व अर्ज त्रुटीच्या सूचनेसह पुन्हा समोर येतो. काहीच जतन झाले नाही, अशी वापरकर्त्याची स्वाभाविक समजूत होते. प्रत्यक्षात विषय-क्रमांकांची यादी देताक्षणीच वगळलेल्या विषयांच्या ओळी जोडकोष्टकातून पुसल्या गेलेल्या व नव्या लिहिल्या गेलेल्या असतात. शीर्षक जुने आणि विषय नवे! वापरकर्ता तेथूनच निघून गेला, तर नोंद तशीच राहते आणि कोणास पत्ताही लागत नाही.

शीर्षकाचा सेटर मात्र मूल्य स्मृतीत ठेवून थांबतो. एकसारख्या दिसणाऱ्या दोन ओळींचे हे भिन्न वर्तन दस्तऐवजात नमूद असले, तरी सोयीपायी स्पष्टतेचा बळी दिला गेला आहे, असेच म्हणावे लागते.

रेल्समधील ‘अपडेट’ ही पद्धत मूल्य-नेमणूक व जतन या दोन्ही क्रिया एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करते. तपासणी फसल्यास सर्व बदल मागे घेतले जातात. त्यामुळे वरील प्रसंगी तीच श्रेयस्कर. परंतु आज्ञावलीकाराने स्वतः लिहिलेला सेटर ईमेल पाठवीत असेल, तर गेलेले पत्र कोणतेही ट्रान्झॅक्शन परत आणू शकत नाही. म्हणून स्वलिखित सेटरने मूल्य स्वच्छ करून साठविण्यापलीकडे जाऊ नये. डेटाबेसला स्पर्श करणारे काम ‘विषय बदला’ अशा क्रियावाचक नावाच्या स्वतंत्र पद्धतीकडे सोपवावे आणि तपासणी यशस्वी झाल्यावरच कंट्रोलरने ती वापरावी. अशा रचनेत सेटरची चाचणी डेटाबेस न जोडताही घेता येते.