घरचे बी : सोयाबीनचे धरा, संकरिताचे नको

मृग जवळ आला की किल्लारी भागात बियाण्याच्या पिशवीसाठी पैशाची जुळवाजुळव सुरू होते. सोयाबीनपुरता हा खर्च वाचू शकतो. कसा, ते पाहू.

ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यावर प्रयोग करून १८६६ साली निष्कर्ष छापले. उंच आणि बुटक्या वाटाण्याचा संकर केला, तर पहिली पिढी सगळी उंच आली. तिचेच बी पेरले, तेव्हा चारांत साधारण एक झाड बुटके निघाले. संकरित ज्वारीचे, कपाशीचे असेच होते. दुसऱ्या वर्षी पीक एकसारखे येत नाही, उतारा घटतो. ते बी दरवर्षी नवेच घ्यावे.

सोयाबीन हे सरळ वाणाचे पीक. फूल उमलायच्या आतच त्याचे पराग त्यालाच लागतात. म्हणून परभणी कृषी विद्यापीठाच्या एमएयूएस-७१ सारख्या वाणाचे गुण घरच्या बियाण्यातही टिकतात. मात्र भेसळीची झाडे आधीच उपटावीत. दाण्याची साल नाजूक असते, पोती आपटू नका.

पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा, गोणपाट वाळू देऊ नका. आठवड्याने मोजा. ७० किंवा जास्त चांगले उगवले, तर एकरी ३० किलो बी पुरे.