चौदा सेंटिमीटरची फोर्ड

विणकाम, भरतकाम, जुन्या साड्यांच्या गोधड्या, काचेवरचं रंगकाम, या सगळ्यांविषयी आपण एकमेकींना भरभरून सांगत असतो. आज ज्या कामाविषयी लिहिते आहे त्याचं नाव काढलं की मात्र बायका हसतात आणि पुरुषमंडळी ‘हा तुमचा प्रांत नव्हे’ अशा चेहऱ्यानं बघतात. प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून जुन्या मोटारीची हुबेहूब लहान प्रतिकृती जोडायची आणि रंगवायची, हे ते काम. गेल्या पावसाळ्यात मी १९१३ सालची फोर्ड ‘मॉडेल टी’ पुरी केली. आमच्या जठारपेठेतल्या एक शेजारीण मावशी ती बघायला आल्या. टेबलाभोवती फिरून चारी बाजूंनी गाडी न्याहाळली आणि म्हणाल्या, “काहून वं बाई, पोट्ट्याईचं खेळणं तू काहून घेऊन बसली?”

आता मावशींना काय सांगावं? तान्ह्या पोळ्याला आपण लाकडी नंदी रंगवतो, त्याला झूल शिवतो, शिंगांना बेगड लावतो, त्याची चाकं कुरकुरली तर तेल घालतो. त्याला कोणी पोरखेळ म्हणत नाही. पुण्यात कोथरूडला जोशी यांचं लहान रेल्वेगाड्यांचं संग्रहालय १९९८ पासून आहे, तिथे तर मोठी माणसं तिकीट काढून जातात. आणि मोटार हा पुरुषांचा प्रांत म्हणाल, तर मोटारीचा पहिला लांबचा प्रवास केला तो एका गृहिणीनं. मोटारीचे जनक कार्ल बेंझ यांची पत्नी बर्था हिनं ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली आणि दोन मुलांना घेऊन ती मॅनहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी गेली. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर, म्हणजे आपल्या अकोला-अमरावतीएवढं धरा. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली, इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं आणि ब्रेकला चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. हाताशी असेल त्या वस्तूनं वेळ निभावून नेणं आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही.

माझा संच युक्रेनमधल्या कीव्हच्या आयसीएम कंपनीचा, प्रमाण १:२४. खऱ्या गाडीचे २४ इंच म्हणजे इथला एक इंच. मॉडेल टीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत १०० इंचांचं अंतर होतं, माझ्या गाडीत ते चार इंचांहून किंचित जास्त भरतं. गाडीची सगळी लांबी सुमारे १४ सेंटिमीटर. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, तेव्हा गुणोत्तर-प्रमाणाचा धडा आला की ही गाडी डब्यात घालून वर्गात नेते. ‘या गाडीत बसायला आपल्या बाई किती उंचीच्या हव्यात?’ असं विचारलं की एरवी भागाकाराला तोंड वाकडं करणारी मुलंही वहीत खरडायला लागतात. उत्तर अडीच इंच येतं आणि वर्ग हसतो.

हीच गाडी का, तर जगाला मोटार परवडायला लागली ती हिच्यामुळे. १९०८ ते १९२७ या काळात तिच्या दीड कोटी गाड्या निघाल्या. १९०८ मध्ये ८५० डॉलरना मिळणारी गाडी १९२५ पर्यंत ३०० डॉलरच्या खाली आली. १९१३ मध्ये फोर्डनी कारखान्यात चालत्या पट्ट्यावर जोडणी सुरू केली आणि बारा तासांहून जास्त लागणारं काम दीड तासावर आणलं. मला सात आठवडे लागले. पण फोर्डच्या कारखान्यात मधेच दूध उतू जात नव्हतं.

आपल्याकडेही परदेशी गाड्या नुसत्या पेट्यांतून येत नव्हत्या. फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीनं १९२६ मध्ये भारतात शाखा काढली, आणि जनरल मोटर्सनं १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. दोघांचंही काम पन्नाशीच्या दशकात बंद पडलं. आता तर २०२१ च्या सरकारी नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटून गेलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. म्हणजे आपल्या लग्नाच्या वरातीत फुलं लावून आलेल्या जुन्या फियाटीही त्या पंक्तीला जाऊन बसल्या!

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. खोक्यात प्लॅस्टिकच्या चौकटी असतात आणि आंब्याच्या डहाळीला कैऱ्या लागाव्यात तसे सगळे भाग त्यांना चिकटलेले असतात. प्रत्येकाला नंबर. आधी या चौकटी कोमट साबणाच्या पाण्यानं धुवायच्या, कारण साच्यातून सुटावेत म्हणून लावलेला तेलकट अंश राहिला तर रंग धरत नाही. धुताना खाली पिठाची चाळणी ठेवा. एखादा दिवा मोरीच्या जाळीतून गेला तर तो परत मिळत नाही. भाग हातानं पिळून तोडायचे नाहीत. इलेक्ट्रिकच्या दुकानात वायर कापायचा साइड कटर मिळतो, त्यानं थोडं देठ राखून कापायचं आणि ते देठ नखांच्या कानशीनं किंवा बारीक पॉलिश पेपरनं घासायचं.

माझं सगळं काम जुन्या परातीत चालतं. काठ असल्यामुळे भाग घरंगळत नाहीत, आणि चार वाजता टेबल रिकामं करायची वेळ आली की परात उचलून कपाटावर ठेवली की झालं. भाग रंगवताना धरायला कपड्यांचे चिमटे, वाळत ठेवायला दात कोरायच्या काड्या आणि त्या खोचायला थर्मोकोलचा तुकडा. ब्रश मात्र चांगले घ्या, एक शून्य नंबरचा आणि एक दोन नंबरचा.

चिकटवण्याचं शास्त्र जरा वेगळं आहे. या कामाचा खास द्रव चिकटवत नाही, तो दोन्ही बाजूंचं प्लॅस्टिक किंचित विरघळवतो आणि ते एकजीव होतात. म्हणून थेंबभरच लावायचा. वास नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा येतो, तेव्हा खिडकी उघडी, गॅस बंद आणि लहान मूल दुसऱ्या खोलीत. दिवस गेलेल्या मैत्रिणींनी हे काम तेवढे महिने बाजूलाच ठेवावं हे बरं. समोरच्या काचेला मात्र हा द्रवही नको आणि फेव्हिक्विकही नको. फेव्हिक्विकच्या वाफेनं काचेवर पांढरं सावट धरतं. मुलांच्या हस्तकलेचा साधा पांढरा फेव्हिकॉल काडीनं लावा, वाळला की दिसतसुद्धा नाही.

आणि मग रंग. माझं मन रमतं ते इथे. मॉडेल टी काळीच असते असं सगळे समजतात, पण फक्त काळा रंग १९१४ ते १९२५ या काळातला. त्याआधी सुरुवातीला लाल, हिरव्या, राखाडी गाड्याही होत्या, आणि १९१३ ची गाडी गडद निळी, चाकांवरचे पंखे काळे. गडद म्हणजे चंद्रकळेची काळी साडी उन्हात धरल्यावर जशी निळसर वाटते तशी. अगदी शुद्ध काळा रंग लहान वस्तूवर बटबटीत दिसतो, म्हणून त्यात तपकिरीचा थेंब मिसळायचा. रंग दुधासारखा पातळ हवा, सायीसारखा नको. अर्धा मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे २४ च्या हिशेबानं खऱ्या गाडीवर १२ मिलिमीटरचा गिलावा! एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात बरे, आणि त्यांच्याखाली राखाडी अस्तराचा एक.

त्या काळच्या गाड्यांचं वैभव म्हणजे पितळ. रेडिएटर पितळी, दिवे पितळी. हे दिवे विजेचे नव्हते, कार्बाइडवर पाणी पडून होणाऱ्या गॅसवर जळायचे, आणि तो गॅस तयार करणारं भांडं गाडीच्या पायरीवर बसवलेलं असे. नुसता सोनेरी रंग फासला तर पितळ दिसत नाही, सिनेमातला दागिना दिसतो. आपली समई आठवा. चिंच, पीतांबरी काहीही लावून घासली तरी नक्षीच्या खाचांत काळसर राहतंच आणि त्या काळेपणामुळेच उठाव येतो. म्हणून सोनेरीवर तपकिरी-काळ्या रंगाचं अगदी पातळ पाणी सोडायचं, ते आपोआप खाचांत उतरतं, आणि वरचं हलक्या हातानं टिपून घ्यायचं. रोज देवाची भांडी घासणाऱ्या बाईला हे कुठल्याही पुस्तकाशिवाय कळतं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

चाकं बघून तर मला आपली बंडीच आठवली. लाकडी आरे, एका चाकाला बारा. टायरही तेव्हा सगळे काळे नसत, पुष्कळसे पांढुरके-करडे असत. रबर टिकावं म्हणून त्यात काजळी मिसळायची रीत नंतर रुळली.

आपल्या हवेचंही पथ्य आहे. मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा पाण्यात मिसळायचे रंग ब्रशवरच वाळतात, म्हणून त्या दिवसांत मी रंगकाम सकाळी सातच्या आत उरकते. रंगवलेले भाग पापडासारखे गच्चीवर वाळत घालू नका, पातळ भाग वाकतात. भर पावसाच्या दिवशी वरचं चकाकीचं वॉर्निश लावू नका, दमटपणानं त्यावर दुधी छटा येते.

खर्च सांगते. संच, रंग, ब्रश मिळून तीन हजारांच्या पुढे गेला. माझ्या पगारातून मी तो दोन महिने थोडा थोडा बाजूला काढला. सासूबाईंनी विचारलं, “एवढ्याचं घेऊन शेवटी फळीवरच ठेवायचं ना?” मी म्हटलं, हो. पहिल्यांदाच करणार असाल तर मात्र नुसता दाबून बसवायचा, चिकटवायची गरज नसलेला स्वस्त संच आणा आणि हात बसला की पुढे जा.

सासूबाईंचं बोलणं थांबलं ते निराळ्याच कारणानं. आमचे मामंजी एस.टी.च्या कार्यशाळेत तीस वर्षं होते. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा झाला. बोलणं परत आलं, पण उजवा हात मंदच राहिला. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी रबरी चेंडू दाबायला दिला तर तो त्यांनी पलंगाखाली टाकला. दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे, जेवायलासुद्धा दोनदा हाक मारावी लागे. मी परातीत इंजिन जोडत असताना एका दुपारी ते भिंतीला धरत आले, खुर्ची ओढली आणि म्हणाले, “याचं हँडल कुठी आहे?”

मी चिमट्यानं ते बारकं हँडल त्यांच्या तळहातावर ठेवलं. मग अर्धा तास मला धडा मिळाला. हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा आवळायचा नाही. इंजिननं उलटा झटका दिला तर आवळलेल्या हाताचं मनगटच मोडतं. त्यांच्या एका सोबत्याचं मोडलं होतं. मी त्यांना सांगितलं की या गाडीला पायाशी तीन पेडल आहेत, डावं गिअरचं, मधलं मागे जायचं आणि उजवं ब्रेकचं. ते ताठ झाले. “मंग ॲक्सिलरेटर?” तो हातात, स्टिअरिंगखालच्या दांडीला. हे काही त्यांना पटेना. शेवटी कागदावर चित्र काढून दाखवलं, तेव्हा म्हणाले, “असी गाडी चालवाले तीन हात पाह्यजेत.”

दुसऱ्या दिवसापासून तीन वाजले की ते स्वतः परात काढायला सांगू लागले. चिकटवलेला भाग दोन-तीन मिनिटं न हलवता दाबून धरावा लागतो. दोन्ही दिवे त्यांनी धरले, उजव्या हाताच्या अंगठ्यानं आणि पहिल्या बोटानं. पहिला दिवा धरताना हात थरथरत होता म्हणून डाव्या हातानं मनगट धरून ठेवलं. हाताची ताकद पूर्वीसारखी झाली असं मी म्हणणार नाही, तशी ती झालेली नाही. पण शर्टाची वरची दोन बटणं आता ते आपली आपण लावतात. सासूबाईंनी खर्चाचा विषय पुन्हा काढला नाही.

सध्या मामंजींना एस.टी.ची जुनी लाल गाडी हवी आहे. तिचा संच मला मिळाला नाही, म्हणून जाड पुठ्ठा आणला आहे. मापं ते तोंडपाठ सांगतात, २४ नं भागायचं काम माझं. लांबी ४० सेंटिमीटरच्या वर जाते आहे, आणि शोकेसची एवढी मोठी फळी रिकामी करायला सासूबाई अजून तयार नाहीत.