वाळूचा हिशेब : गोव्याचा किनारा शास्त्रज्ञ कसा वाचतात

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर ताम्रपट येतात, देवळं येतात, मोडी आणि पोर्तुगीज दफ्तरं येतात. गोव्याच्या इतिहासाचं आणखी एक दफ्तर आहे, आणि ते किनाऱ्यावरच्या वाळूत आणि समुद्राच्या तळाशी पडून आहे. ते वाचायला लिपी येऊन भागत नाही. पट्टी, दोरी, आवाजाची लहर आणि पाणबुड्याचे डोळे लागतात. दोनापावला इथली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था हे काम पन्नासहून अधिक वर्षं करते आहे. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर, १ जानेवारी १९६६ रोजी ही संस्था स्थापन झाली. तिच्यासारख्या संस्थांतलं हे काम नेमकं कसं चालतं आणि आपल्यासारख्या इतिहासप्रेमींशी त्याचा काय संबंध, ते या टिपणात पाहू.

पुळण स्थिर नसते

आता बघा, मे महिन्यात कळंगुटला किंवा मिरामारला गेलात तर पुळण रुंद दिसते. तीच ऑगस्टमध्ये अरुंद झालेली असते. मग लोक म्हणतात, दर्यानं किनारा गिळला! प्रत्यक्षात पावसाळ्यातल्या उंच, एकामागून एक येणाऱ्या लाटा वाळू ओढून नेतात आणि थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा बांध घालतात. हा बांधच पुढच्या लाटांना आधी फोडतो. सप्टेंबरनंतर लाटा संथ झाल्या की तीच वाळू हळूहळू परत किनाऱ्यावर येते. म्हणजे एका फोटोवरून धूप झाली की नाही, हे ठरवता येत नाही.

म्हणून शास्त्रज्ञ काय करतात? किनाऱ्यामागे एक पक्की खूण धरतात. एखादा दगड, भिंत किंवा सिमेंटचा खुंटा. तिथून पाण्यापर्यंत सरळ रेषेत ठरावीक अंतरावर उंची मोजत जातात. हेच मोजमाप दर महिन्याला, त्याच रेषेवर, ओहोटीच्या वेळी. पूर्वी लेव्हल आणि खुणांची काठी घेऊन हे होत असे, आता उपग्रहावर चालणारी यंत्रंही आहेत. जोडीला वाळूचे नमुने घेऊन चाळतात, कारण कणांचा आकार लाटांचा जोर सांगतो. अशी अनेक वर्षांची नोंद हातात आली, तरच ‘गेलेली वाळू परत आली की नाही’ याचं उत्तर मिळतं.

या हिशेबात वाळूच्या टेकड्यांना फार महत्त्व आहे. किनाऱ्याची ती बचतठेव. वादळात लाटा टेकडीची वाळू काढून घेतात आणि मागची जमीन वाचते. ही वाळू धरून ठेवणाऱ्या वनस्पती आपल्या पूर्वजांना चांगल्या ठाऊक होत्या. जांभळ्या फुलांच्या वेलीला त्यांनी मर्यादवेल म्हटलं, आणि खरोखरच ती समुद्राची मर्यादा राखते. टोकदार रावणाच्या मिशाही तेच काम करतात. टेकडी सपाट करून बांधकाम केलं, की ठेव मोडली. मग पुढच्या पावसाळ्यानंतर परत यायला वाळूच शिल्लक राहत नाही.

न मागता झालेला प्रयोग

जून २००० मध्ये ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे मोठं जहाज कांदोळीच्या किनाऱ्यालगत वाळूत रुतलं. ते पूर्ण हलवायला २०१२ उजाडलं. इतकी वर्षं लोखंडाची एक प्रचंड भिंत लाटांच्या वाटेत उभी होती. तिच्या आडोशाला वाळू साचू लागली आणि शेजारच्या पट्ट्यात धूप वाढली. किनाऱ्यावर वाळू एका जागी थोपवली की दुसऱ्या जागी ती कमी पडते, हा नियम गोव्याने इथं डोळ्यांनी पाहिला. दगडी बंधारे घालण्याच्या मागण्या होतात तेव्हा हे उदाहरण विसरू नये.

वादळ दूर असलं तरी

वादळ अंगावर आलं तरच नुकसान होतं, असा समज आहे. डिसेंबर २०१७ मधलं ओखी चक्रीवादळ गोव्यापासून बरंच दूर, भर समुद्रातून गेलं. तरीही पेडणे तालुक्यात आणि इतरत्र पाणी पुळण ओलांडून वर आलं आणि शॅकचं नुकसान झालं. कारण दोन गोष्टी एकत्र आल्या. वादळाने उठवलेल्या लांब लाटा शेकडो किलोमीटर प्रवास करून आल्या, आणि ३ डिसेंबरला पौर्णिमा होती, तीही चंद्र पृथ्वीच्या जवळ असतानाची. म्हणजे उधाणाची भरती. मे २०२१ मधलं तौक्ते मात्र किनाऱ्याच्या जवळून गेलं आणि त्याने झाडं व विजेचे खांब आडवे केले. दोन्ही वादळं अरबी समुद्रातलीच, पण नुकसानीचा प्रकार वेगळा. म्हणून वादळ गेल्यावर शास्त्रज्ञ लगेच किनाऱ्यावर जातात आणि पाणी कुठवर चढलं, त्याच्या खुणा पुसल्या जाण्याआधी मोजून घेतात.

यामागे एक संथ बदलही आहे. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटीची नोंद आहे. अशा जुन्या नोंदींवरून हिंदी महासागराच्या आपल्या भागात विसाव्या शतकात पाणी वर्षाला साधारण १ ते २ मिलिमीटर चढल्याचं दिसतं. आकडा किरकोळ वाटतो. पण आपल्या खाजन जमिनी भरतीच्या पातळीच्याही खाली आहेत. त्यांचे बांध आणि मानशी गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जुन्या पातळीच्या अंदाजानं राखल्या. उधाण, वादळ आणि चढलेलं पाणी एकदम आलं, की बांध फुटतो आणि खारं पाणी शेतात शिरतं.

तळाशी काय आहे

पूर्वी खोली मोजायला दोरीला शिसं बांधून सोडत आणि वाव मोजत. आता जहाजाखालून आवाजाची लहर सोडतात. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. तो परत यायला लागलेल्या वेळावरून खोली कळते. बाजूला लहरी सोडणारं यंत्र तळाचं चित्रच काढतं, आणि चुंबकत्व मोजणारं यंत्र गाळाखालचं लोखंड दाखवतं.

त्यानंतर पाणबुडे उतरतात. पावसाळ्यात नद्यांच्या गढूळ पाण्यात काहीच दिसत नाही, म्हणून काम उरलेल्या महिन्यांत. मांडवी-जुवारीच्या मुखाबाहेर सुंची खडकाजवळ संस्थेच्या संशोधकांना सतराव्या शतकाच्या सुमाराच्या बुडालेल्या जहाजाचे अवशेष मिळाले : हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, लोखंडी तोफा, चिनी मातीची भांडी. एकाच ढिगाऱ्यात आफ्रिका, चीन आणि युरोप! सेंट जॉर्ज खडकाजवळ बासेल मिशनची कौलं सापडली, त्यांवर १८६५ हे वर्ष. ते कारखान्याच्या स्थापनेचं. म्हणजे जहाज त्या वर्षी किंवा त्यानंतर बुडालं. वस्तूवरचं साल म्हणजे घटनेचं साल नव्हे, हा धडा दफ्तरात आणि दर्यात सारखाच लागू.

तळाचा इतिहास याहून कितीतरी जुना आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटर खाली होती. गोव्याचा किनारा तेव्हा कित्येक किलोमीटर पश्चिमेला होता. परशुरामाने समुद्र हटवल्याची कथा आपण सांगतो, पण गाळाच्या थरांत दिसतं ते पुढे सरकणाऱ्या समुद्राचं चित्र. कथा आपल्या जागी आहे. तिला भूगर्भशास्त्राचा पुरावा करू नये.

आपण काय करू शकतो

मांडवीच्या मुखावरचा आग्वादचा वाळूचा दांडा पावसाळ्यात जहाजांची वाट अडवतो. खनिजाच्या बार्जी त्या काळात कुंभारजुवे कालव्याने जुवारीत जात, त्याचं कारण हेच. अशा गोष्टी नावाड्यांच्या आणि मच्छीमारांच्या तोंडी आहेत. त्या तारीख-ठिकाणासह लिहून ठेवल्या तर शास्त्रज्ञांना उपयोगी पडतात. घरातल्या जुन्या फोटोंत किनाऱ्यावरची शिडी, क्रूस, देऊळ असं काही पक्कं दिसत असेल तर त्याच जागेवरून आज फोटो काढावा, महिना आणि भरती-ओहोटी टिपावी. आणि जाळ्यात किंवा पुळणीवर जुनं खापर मिळालं, तर ते घरी न नेता जागा नोंदवून पुरातत्त्व खात्याला कळवावं. जागेपासून तुटलेली वस्तू शोभेची होते, पुरावा राहत नाही. आणि किनाऱ्याच्या या दफ्तराची दुसरी प्रत कुठेच नाही.