मानेतले दोन शेजारी

आरशासमोर उभे राहून एक छोटासा प्रयोग करा. मान डावीकडे वळवा, डावा तळहात हनुवटीच्या डाव्या बाजूला लावा आणि हनुवटीने त्याला रेटा द्या. मानेच्या उजव्या बाजूला कानामागून निघून गळ्याखालच्या हाडाकडे तिरका उतरणारा एक जाड स्नायू टरारून वर आलेला दिसेल. त्याच्या मागल्या कडेच्या साधारण मध्यावर बोट ठेवा. तेथे कातडीच्या किंचित आत चार मज्जातंतू बाहेर पडतात. एक कानामागे डोक्याकडे जातो, दुसरा कानाच्या पाळीकडे, तिसरा गळ्याच्या पुढल्या भागाकडे आणि चौथा खांद्याकडे.

तेथूनच जेमतेम एक-दोन सेंटिमीटर आत आणखी एक मज्जातंतू खाली उतरत असतो. छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासपटलाला तो हलवतो. वरचे चार बधिर झाले तर कातडीची जाणीव काही तास जाते, एवढेच. आतला मात्र दोन्ही बाजूंना बधिर झाला तर श्वास घेणे अवघड होऊन बसते. मानेच्या मणक्यांवर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाची वेदना कमी करताना भूलतज्ज्ञाची सारी कसरत या एक-दोन सेंटिमीटरांत चाललेली असते.

शस्त्रक्रिया कशासाठी करतात? आपल्या मानेत मणके सात (जिराफाच्या लांबलचक मानेतही सातच!), आणि मज्जातंतूंच्या जोड्या मात्र आठ. दोन मणक्यांमधली गादी सरकली की ती मज्जातंतूवर किंवा थेट मज्जारज्जूवर दाब देते. हाताला मुंग्या येतात, पकड ढिली होते. तेव्हा सर्जन गळ्याच्या पुढून किंवा मानेच्या मागून आत जाऊन तो दाब दूर करतात. त्या वेळी रुग्णाला पूर्ण भूल दिलेली असते. खरा प्रश्न तो जागा झाल्यावर उभा राहतो.

तुम्ही म्हणाल, मग मॉर्फिनचे इंजेक्शन द्यावे! देतातही. पण अफूपासून मिळणारे हे औषध मेंदूवर आणि मज्जारज्जूवर काम करते. त्याने गुंगी येते, मळमळते आणि जास्त झाले तर श्वासाची गती मंदावते. इकडे सर्जनना तर रुग्ण जागा हवा असतो. “मूठ आवळा, पायाची बोटे हलवा,” असे ते पुन्हा पुन्हा सांगतात. आत रक्त साचून मज्जारज्जू दाबला जाऊ लागला, तर त्याची सूचना बहुधा हातापायांच्या अशक्तपणातूनच मिळते. गुंगीतल्या माणसाकडून ती कशी मिळणार? म्हणून मेंदूला झोपवण्याऐवजी वेदनेची वाटच मध्ये अडवावी, हा विचार पुढे आला.

ही वाट अडते कशी, ते पाहू. मज्जातंतूतून संदेश जातो तेव्हा त्याच्या आवरणातली सूक्ष्म दारे ओळीने उघडतात आणि सोडियमचे आयन आत घुसतात. एक दार उघडले की त्याच्या धक्क्याने पुढचे उघडते. बधिर करणारे औषध या दारांत जाऊन बसते. दार उघडत नाही, संदेश तेथेच थांबतो. औषध ओसरले की दारे पूर्ववत चालू होतात. दाढ काढल्यावर ओठ तासभर जाडजूड वाटतो ना? तो याच दारांचा खेळ.

या विद्येची सुरुवात १८८४ साली व्हिएन्नात झाली. कार्ल कोलर या तरुण डॉक्टराने कोकेनचे थेंब आधी प्राण्यांच्या आणि मग स्वतःच्या डोळ्यांत घातले आणि टाचणीच्या डोक्याने बुबुळाला स्पर्श करून पाहिला. काहीच जाणवले नाही! पुढच्याच वर्षात न्यूयॉर्कच्या विल्यम हॉल्स्टेड यांनी कोकेन थेट मज्जातंतूंजवळ टोचले. मात्र स्वतःवर प्रयोग करता करता त्यांना त्याचे व्यसन जडले. ही किंमत फार मोठी होती. व्यसन न लावणारे लिडोकेन स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झाले. पुढे आलेले ब्युपिवाकेन आणखी जास्त वेळ टिकते, पण रक्तवाहिनीत गेले तर हृदयावर परिणाम करते. म्हणून औषध सोडण्यापूर्वी सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना, हे पाहावेच लागते.

आता पुन्हा त्या आतल्या शेजाऱ्याकडे वळू. श्वासपटल बरगड्यांच्या तळाशी, मग त्याचा मज्जातंतू इतक्या वर मानेत कशाला? याचे उत्तर आपल्या जन्माआधीच्या काळात सापडते. गर्भात श्वासपटलाची सुरुवात मानेच्या पातळीवर होते. पुढे ते खाली सरकते आणि मानेच्या तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या मज्जातंतूंपासून आलेली ही तार सोबत ओढत नेते. पतंग दूर गेला तरी मांजा हातातच राहतो, तसे.

पूर्वी सुई कुठे पोचली, हे भूलतज्ज्ञ हाताच्या अंदाजाने ठरवत. १९९४ साली त्याच व्हिएन्नातील डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत खांद्याजवळच्या मज्जातंतूंपाशी सुई नेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आता पडद्यावर स्नायू, रक्तवाहिन्या आणि सुईचे टोक दिसते. गळ्याच्या पुढून शस्त्रक्रिया असेल तर औषध मानेच्या खोल आवरणाच्या वरच सोडतात. ते खोल शिरले तर श्वासपटलाची ती बाजू लुळी पडू शकते. निरोगी माणूस एका बाजूवर निभावून नेतो, पण फुप्फुसे दुबळी असलेल्याला धाप लागते. दोन्ही बाजूंना खोल इंजेक्शन देणे म्हणूनच टाळतात.

मागून केलेली शस्त्रक्रिया जास्त दुखते, कारण तेथे स्नायू हाडापासून सोडवावे लागतात. मानेच्या मागच्या भागाचे मज्जातंतू वेगळे. ते या स्नायूंच्या थरांतून वाट काढत बाहेर येतात. केळीच्या सोपाचे पदर असतात ना, तसे हे थर. दोन थरांमध्ये औषध सोडले की ते पसरत जाऊन अनेक मज्जातंतूंना एकदम गाठते. पाठीसाठी अशी एक पद्धत कॅनडातील डॉक्टरांनी २०१६ साली मांडली आणि मग तिच्यासारख्या युक्त्या मानेतही वापरल्या जाऊ लागल्या. येथे औषध हातांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंपर्यंत पोचता कामा नये. नाहीतर मूठ आवळली गेली नाही, तर दोष औषधाचा की मज्जारज्जूवरील दाबाचा, हे कळायचे कसे? या पद्धती अजून सर्वत्र रूढ झालेल्या नाहीत. कोणत्या रुग्णाला कोणती चांगली, याचा अभ्यास चालू आहे आणि सोबत साधी वेदनाशामके द्यावी लागतातच.

पुढल्या बाजूचे इंजेक्शन लागू पडले का, हे तपासण्याची रीत मात्र अगदी सोपी आहे. जागा झालेल्या रुग्णाच्या कानाच्या पाळीला स्पिरिटचा थंड बोळा लावतात. गार लागले नाही, म्हणजे वरचा शेजारी झोपला आहे. मग त्याला एक खोल श्वास घ्यायला सांगतात आणि पोट नीट वर येते का ते पाहतात. काही तासांनी पाळीला मुंग्या येऊ लागतात. गोळी देण्याची वेळ त्याच्या थोडी आधी ठरवलेली असते.