शक्तिमान आणि आजचे उडते वीर



गेल्या महिन्यात आपल्या शाळेतील तिसरीचा एक विद्यार्थी पाण्याच्या टाकीच्या कठड्यावरून उडी मारताना पडला आणि त्याचा डावा हात मोडला, हे तुम्हां सर्वांना ठाऊकच आहे. त्याचे नाव येथे लिहीत नाही. आदल्या रात्री त्याने मामाच्या मोबाईलवर एका उडत्या वीराचा चित्रपट पाहिला होता. सकाळी गळ्यात टॉवेल बांधला, एक हात पुढे केला आणि झोकून दिले.

मी त्याला रागावलो. बराच रागावलो. तो मुकाट्याने ऐकत होता. दवाखान्यातून परत येताना मिनिडोरमध्ये माझ्या शेजारी बसून त्याने हळूच विचारले, "गुरुजी, मग ते कसे उडतात?"

"खोटं असतं ते सगळं," एवढे बोलून मी गप्प बसलो. पण मनाला ते पटेना. खोटे असते हे त्याच्या हाताने त्याला माझ्यापेक्षा चांगले सांगितले होते. त्याने विचारले होते ‘कसे’. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून हा लेख भित्तिपत्रकात लावीत आहे. आणखीही एक कारण आहे, ते पुढे येईलच.

माझे बालपण पेण तालुक्यात हमरापूरच्या बाजूला गेले. गणपतीच्या मूर्तींचा हा मुलूख. आत्या दिली होती रोह्याजवळच्या एका गावात. दिवाळीची सुटी लागली की पेणहून गाडीत बसायचे आणि रोह्याला उतरायचे, हा दरवर्षीचा नेम. आत्याचा मुलगा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याला मी दादूस म्हणत असे, अजूनही म्हणतो.

त्या वेळी दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ ही मालिका चालू होती. १९९७ च्या सप्टेंबरात ती सुरू झाली आणि २००५ च्या मार्चपर्यंत चालली. शक्तिमान झाले होते मुकेश खन्ना. तुमच्या आजीला विचारा, ती म्हणेल, "अरे, ते तर महाभारतातले भीष्म!" आणि खरेच, महाभारत मालिकेतले भीष्म तेच. गंमत म्हणजे शक्तिमानचा शत्रू किल्विष झालेले सुरेंद्र पाल हे त्याच महाभारतातले द्रोणाचार्य. कुरुक्षेत्रावर एका बाजूला लढलेले हे दोघे येथे समोरासमोर उभे होते.

रविवारी दुपारी बाराच्या सुमारास गावात ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या ओटीवर ही गर्दी! टीव्ही काळापांढरा. एकाने कौलांवर चढून ॲन्टेना फिरवायचा, खालून आम्ही ओरडायचे, "आलं, आलं... गेलं!" शक्तिमानचा पोशाख तांबडा आणि त्यावर सोनेरी चिन्ह, हे मला पुढे पेणला एका दुकानातला रंगीत टीव्ही पाहून कळले. तोपर्यंत माझा शक्तिमान राखाडीच होता.

त्याला शक्ती कशी मिळाली? तपश्चर्येने. योगसाधनेने त्याची कुंडलिनी जागृत झाली, अशी कथा होती. आता आम्हां पोरांना कुंडलिनी काय ठाऊक! आम्हाला ठाऊक होती ती रोह्याची कुंडलिका. दादूसचे ठाम मत होते की नदीत रोज सकाळी सात डुबक्या मारल्या की अंगात काहीतरी जागे होते. नोव्हेंबरच्या थंडीत आठ दिवस आम्ही डुबक्या मारल्या. जागा झाला तो खोकला.

आता उडण्याचे सांगतो. शक्तिमान आकाशात उडताना दिसे तेव्हा त्याच्या अंगाभोवती एक पांढुरकी कड दिसे. केसांच्या कडेला चित्र थरथरे. खालचे डोंगर एका वेगाने सरकत, तो दुसऱ्याच वेगाने. कात्रीने कापलेले चित्र दुसऱ्या चित्रावर चिकटवल्यासारखे ते वाटे, आणि जवळजवळ तसेच ते होते. या युक्तीला क्रोमा म्हणतात. नटाला निळ्या किंवा हिरव्या रंगाच्या सपाट पडद्यापुढे उभे करतात, कधी आडवे निजवतात, आणि त्याचे चित्रण करतात. मग यंत्राला सांगतात की या चित्रात जेथे जेथे हिरवा रंग असेल तो काढून टाक आणि तेथे हे दुसरे चित्र भर. दुसरे चित्र असते आकाशाचे. झाले, नट आकाशात! हिरवा किंवा निळाच रंग का? कारण माणसाच्या कातडीत हे रंग फारसे नसतात. पडदा तांबूस घेतला तर यंत्र पडद्याबरोबर नटाचे गालही पुसून टाकील.

आमच्याकडे मूर्तीच्या कारखान्यात साचा सोडवला की जेथे त्याचे तुकडे जुळलेले असतात तेथे मूर्तीवर एक बारीक उंचवट्याची रेघ राहते. तो सांधा. कारागीर तो खरडतात, पॉलिशपेपरने घासतात, मग रंग देतात. रंगवलेल्या मूर्तीवर तुम्ही कितीही शोधा, सांधा सापडायचा नाही. शक्तिमानच्या चित्रावर तो सांधा राहून जाई. वेळ कमी, पैसा कमी, आणि दर आठवड्याला नवा भाग द्यायचा. एवढे घासत कोण बसणार?

आजच्या चित्रपटांत काय बदलले? घासणे बदलले. २००६ साली ‘क्रिश’ आला. त्यात हृतिक रोशनच्या उड्या बसवायला हाँगकाँगचे टोनी चिंग स्यू-तुंग आले होते. ते तारेवरच्या उड्यांचे मोठे जाणकार. नटाच्या कमरेला कपड्याखालून पट्टा बांधतात, पट्ट्याला तारा, तारा वर कप्पीला, आणि कप्पीची दोरी माणसांच्या हातात. विहिरीवरच्या रहाटासारखेच म्हणा. नंतर संगणकावर बसून त्या तारा चित्रातून पुसतात. सिनेमात एका सेकंदाला २४ चित्रे सरकतात. दहा सेकंदांची उडी असेल तर २४० चित्रे, आणि प्रत्येकातली तार पुसायची. चौथीच्या मुलांनी एक मिनिटाच्या उडीचा हिशेब करून मला दाखवावा.

त्यापुढची पायरी म्हणजे नटच नको. २००२ च्या ‘स्पायडर-मॅन’ चित्रपटात उंच इमारतींमधून झोके घेणारा कोळीमानव पुष्कळ ठिकाणी माणूस नसून संगणकात घडवलेला पुतळा आहे. त्याचे स्नायू, कपड्याच्या चुण्या, सावली हे सारे माणसांनी एका जागी बसून घडवलेले. तेथे पडायला कोणी नव्हतेच! २०११ च्या ‘रा.वन’मध्ये मुंबईच्या लोकल गाडीवरचा जो थरारक प्रसंग आहे, त्यातही संगणकाचीच करामत मोठी. रोह्याहून गाडीने रोज पनवेलकडे जाणाऱ्या आपल्या गावातल्या माणसांना तो पाहून जेवढे हसू आले तेवढे दुसऱ्या कोणाला आले नसेल.

आता एक जुनी हकीकत सांगतो. अमेरिकेत १९५२ ते १९५८ या काळात सुपरमॅनची मालिका टीव्हीवर होती. जॉर्ज रीव्ह्ज हा नट सुपरमॅन होत असे. आरंभी त्यालाही तारांवर टांगीत. एकदा तारा तुटून तो खाली आदळला, तेव्हापासून त्याने तारा नको म्हटले. मग उसळत्या फळीवरून खिडकीबाहेर झेप घ्यायची, पलीकडे गादी, आणि उडतानाचे चित्रण करायला पोटाखाली अंगाच्या मापाचा आधार. हा आधार पोशाखाखाली झाके. त्या मालिकेच्या एका भागात एका मुलाला स्पष्ट बजावले आहे की सुपरमॅन करतो ते दुसऱ्या कोणालाही जमत नाही, आणि उडणे तर मुळीच नाही. पुढे १९७८ साली सुपरमॅनचा मोठा चित्रपट आला. त्याच्या जाहिरातीत उलटेच म्हटले होते की माणूस उडू शकतो यावर तुमचा विश्वास बसेल! आणि काम इतके सफाईचे झाले की त्याला खास ऑस्कर पारितोषिक मिळाले. मालिका म्हणे, विश्वास ठेवू नको. चित्रपट म्हणे, ठेव. माझ्या मते जुन्या-नव्यातला खरा फरक हाच आहे.

शक्तिमानही मुलांशी बोलत असे. भाग संपला की ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’ नावाचा एक तुकडा येई. त्यात शक्तिमान येऊन मुलांना चुका समजावी, मुले कान पकडून ‘सॉरी शक्तिमान’ म्हणत. त्या काळी वर्तमानपत्रांत बातम्या येत की शक्तिमान वाचवायला येईल म्हणून मुलांनी धोक्याचे काही केले. त्या खऱ्या किती, ऐकीव किती, यावर वादही झाला. पण माझी नक्कल करू नका, हे खुद्द शक्तिमानला पडद्यावर येऊन सांगावे लागले एवढे खरे. आजचा कोणता वीर चित्रपट संपल्यावर थांबून तिसरीतल्या मुलाशी असे बोलतो?

येथवर वाचून तुम्ही म्हणाल, गुरुजींना जुने ते सोने वाटते. तर ऐका. मालिकेत पाणी घालणे फार असे. एकच राक्षस चार चार रविवार पुरवीत. आणि उपदेशाची वेळ झाली की आम्ही सारे उठून खळ्यात पळत असू. ऐकायला उरायची ती त्या घरची म्हातारी. स्पायडर-मॅनच्या गोष्टीत तो पोरगा एका चोराला माझे काय जाते म्हणून सोडून देतो आणि त्याच चोराच्या हातून त्याचे काका मरतात. तेथे कोणी बोट नाचवून उपदेश करीत नाही, तरी पोटात कालवते. २०२१ चा ‘मिन्नल मुरली’ हा मल्याळी चित्रपट तर मला फार आवडला. त्यातला वीर खेड्यातला शिंपी आहे. वीज अंगावर पडून त्याला शक्ती मिळते. तो तुमच्याआमच्यातला वाटतो.

शिवाय सांधा दिसत होता म्हणून आम्ही शहाणे राहिलो, असेही नाही. आता ते दुसरे कारण सांगतो.

१९९८ ची दिवाळी. आत्याच्या खळ्यात भाताची झोडणी झाली होती, पेंढा रचला होता. शेजारी आंब्याचे झाड. दादूस फांदीवर चढला. जमिनीपासून सुमारे ३ मीटर. "पेंढ्यावर पडन रे मी, काय नाय होत," तो म्हणाला. खरोखर सरळ उडी मारली असती तर तो पेंढ्यावरच पडला असता. पण शक्तिमान गरगर फिरत उडे. मी खालून ओरडलो, "दादूस, चक्कर मारल्याशिवाय उडता येत नाय!" आणि एक, दोन, तीन म्हणून मीच मोजले. तो फिरला, तोल गेला आणि पेंढ्याच्या अलीकडे कडक जमिनीवर आला.

घोटा मोडला. बापूस त्याला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत धावला. कोणी सांगितले, असे आत्याने विचारले तेव्हा दादूसने माझे नाव घेतले नाही. मीही सांगितले नाही. अंगाभोवतीची ती पांढुरकी कड आम्ही दोघांनी दर रविवारी पाहिली होती. कड दिसत होती, पण ती कशाची हे सांगणारे कोणी नव्हते, आणि आम्ही विचारलेही नव्हते.

पुढे मी शिक्षक झाल्यावर हिशेब केला. ३ मीटरवरून माणूस पडला की जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी २७ किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे धावत्या मिनिडोरमधून बाहेर पडल्यासारखेच. टॉवेलने तो वेग कमी होत नाही. सिनेमात उडी मारणारा माणूस त्या विद्येत मुरलेला असतो, आणि चित्राच्या चौकटीबाहेर हवा भरलेली मोठी गादी किंवा खोक्यांची रास असते. ती तुम्हाला दिसू देत नाहीत, कारण ती दिसली तर तिकीट कोण काढील!

दादूस आता आमच्याकडेच एका कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतो. बसून करायचे काम. पावसाळ्यात घोटा दुखतो. २०२२ च्या फेब्रुवारीत शक्तिमानवर मोठा चित्रपट काढण्याची घोषणा झाली तेव्हा मी त्याला ती बातमी दाखवली. ब्रश खाली न ठेवता तो म्हणाला, "या वेळला तू मोजू नको." एवढ्या वर्षांत त्या दिवसाबद्दल तो पहिल्यांदाच बोलला. त्यानंतर मी आत्याला जाऊन सांगितले. ती म्हणाली, "मला तवाच ठाऊक होतं."

तर बाळांनो, येत्या शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला आपण व्हरांड्यात हिरवी चादर टांगणार आहोत. माझ्या मोबाईलवर क्रोमाची सोय आहे. मागे कुंडलिकेचा पूल भरू. पहिला मान प्लास्टरवाल्याचा. त्याला स्टुलावर पालथे निजवू, दोघांनी पाय धरायचे, स्टुलावरही हिरवे कापड. त्या दिवशी हिरवा सदरा मात्र कोणी घालून येऊ नका. जो येईल त्याचे नुसते डोके आणि हात पुलावरून जाताना दिसतील.