लीगची कमाई घटली, तर खेळाडूच्या पगाराचं काय?

बुलढाणा : आयपीएल लिलावातले कोटींचे आकडे ऐकले की मलकापूर, खामगाव, चिखलीच्या मैदानांवर खेळणाऱ्या पोरांचे डोळे चमकतात. पण हा पैसा येतो कुठून आणि आटला की झळ आधी कुणाला बसते, हे पालकांनीही समजून घ्यायला हवं.

लीगची मोठी कमाई होते ती प्रक्षेपणाच्या हक्कांतून आणि प्रायोजकांकडून. त्यातला वाटा संघांना मिळतो. एका संघाने खेळाडूंवर जास्तीत जास्त किती खर्च करायचा, ती मर्यादा म्हणजे ‘सॅलरी कॅप’. आपण तिला ‘पर्स’ म्हणतो. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे हक्क ४८,३९० कोटींना गेले. पर्सही २०२२ मधल्या ९० कोटींवरून २०२५ मध्ये १२० कोटींवर पोहोचली.

आता उलटं गणित बघा. समजा पर्स १०० रुपये आहे. तीन स्टार ५० रुपये नेतात, बाकी वीस जणांत ५० वाटले जातात. कमाई घटून पर्स ८० झाली. स्टारचे करार आधीच पक्के, म्हणून बाकीच्यांसाठी उरले ३०. पर्स २० टक्क्यांनी घटली, पण लहान खेळाडूचा वाटा ४० टक्क्यांनी!

हे नुसतं कागदावरचं नाही. इंडियन सुपर लीग फुटबॉलचा करार १५ वर्षांचा होता, तो डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता. नव्या कराराचं ठरेना, म्हणून जुलैमध्ये आयोजकांनी पुढचा हंगामच थांबवला. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने खेळाडू आणि कर्मचाऱ्यांचे पगार रोखले. अखेर फेब्रुवारी २०२६ मध्ये छोट्या स्वरूपात लीग सुरू झाली.

अमेरिकेच्या एनबीए बास्केटबॉलमध्ये कॅप थेट कमाईला जोडलेली असते आणि खेळाडूंची संघटना मालकांशी बसून वाटा ठरवते. आयपीएलमध्ये पर्स वरूनच ठरते. खेळाडू त्या बैठकीत नसतो.

म्हणून सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा : करार किती वर्षांचा? स्पर्धा झालीच नाही तर पैसे मिळणार का? दुखापत झाली तर खर्च कुणाचा? फुटबॉलमध्ये दोन महिन्यांचे पगार थकले, तर लेखी नोटीस देऊन १५ दिवसांनी करार मोडण्याचा हक्क फिफाचा नियम देतो. हे किती पोरांना माहीत असतं?

मुलाला खेळू द्या, जरूर खेळू द्या. पण दहावी-बारावी सोडून नाही. लीग बंद पडू शकते, शिक्षण नाही.