चिपवरचे इंडक्टर, लेखांक ६ : ढाल कोणती हानी अडवते?

मागच्या लेखांकात वेटोळ्याच्या धातूत होणारी हानी पाहिली. आता वेटोळ्याच्या खाली, सिलिकॉनमध्ये उतरू. सिलिकॉन इन्सुलेटर नाही आणि चांगला वाहकही नाही. या अर्धवटपणामुळेच वेटोळ्याची ऊर्जा तिथे उष्णतेच्या रूपाने वाया जाते. त्यावरचा प्रसिद्ध उपाय म्हणजे वेटोळे आणि सिलिकॉन यांच्यामध्ये चिरा पाडलेल्या वाहक थराची जमिनीला जोडलेली ढाल, अर्थात ग्राउंड शील्ड. ही ढाल घातली की इंडक्टरचा क्यू (गुणवत्ता गुणांक) वाढतोच, असे सर्रास धरून चालले जाते. माझे म्हणणे वेगळे आहे. सिलिकॉनमधली हानी दोन प्रकारची असते आणि ढाल त्यांतली एकच अडवते. म्हणून ‘ढालीने क्यू किती वाढला’ हे सिम्युलेशनला विचारण्याआधी ‘आपल्याकडे हानी कोणत्या प्रकारची आहे’ हे विचारायला हवे.

पहिला प्रकार विद्युतक्षेत्राचा. वेटोळे आणि सिलिकॉन यांच्यामध्ये ऑक्साइडचा थर असल्याने तिथे आपोआप एक कपॅसिटर तयार होतो. त्यातून प्रवाह खाली उतरतो आणि सिलिकॉनच्या रोधातून वाट काढत जमिनीला मिळतो. दुसरा प्रकार चुंबकीय क्षेत्राचा. वेटोळ्याचे बदलते क्षेत्र सिलिकॉनमध्ये शिरते आणि तिथे गोल फिरणारे एडी करंट निर्माण करते. ढाल पहिल्या प्रकारच्या प्रवाहाला सिलिकॉनपर्यंत पोचू न देता वरच्यावर जमिनीकडे वळवते. दुसऱ्या प्रकाराला मात्र ती मुद्दामच मोकळी वाट देते. ढाल अखंड ठेवली तर एडी करंट तिच्यातच फिरतील, त्यांचे क्षेत्र मूळ क्षेत्राला विरोध करील आणि इंडक्टन्सच घटेल. म्हणून वेटोळ्यातल्या प्रवाहाच्या दिशेला काटकोनात चिरा पाडून ढालीच्या पट्ट्या करतात. ट्रान्सफॉर्मरचा गाभा एकसंध न ठेवता पातळ पत्र्यांचा रचतात, त्यामागचे कारणही हेच. पट्ट्या एकमेकींना जोडतानाही त्यांचे बंद कडे होऊ द्यायचे नसते, नाहीतर त्या कड्याचा शॉर्ट झालेला एक फेरा तयार होतो.

या रचनेचा सविस्तर अभ्यास स्टॅनफर्डच्या पॅट्रिक यू आणि सायमन वाँग यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. १ ते २ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ढालीमुळे इंडक्टरचा क्यू ३३ टक्क्यांपर्यंत वाढला आणि शेजारशेजारच्या दोन इंडक्टरांमधली सबस्ट्रेटमार्गे, म्हणजे खालच्या सिलिकॉनमार्गे, होणारी देवाणघेवाण २५ डेसिबलपर्यंत घटली. सर्वांत चांगला परिणाम पॉलिसिलिकॉनच्या ढालीचा दिसला. हा थर धातूच्या सगळ्या थरांच्या खाली असतो. त्यामुळे तो वेटोळ्यापासून जास्तीत जास्त दूर राहतो आणि कपॅसिटन्सची भर कमी पडते. हे आकडे भक्कम आहेत, पण ते त्या सिलिकॉनचे आणि त्या फ्रिक्वेन्सीचे आहेत.

सिलिकॉन बदलले तर काय होते, हे साध्या हिशेबातूनही कळते. १० ओहम-सेंटिमीटर रोधकतेच्या सिलिकॉनमध्ये १० गिगाहर्ट्झला स्किन डेप्थ सुमारे १.६ मिलिमीटर येते, म्हणजे वेफरच्या जाडीहूनही जास्त. तिथे एडी करंट क्षीण असतात आणि मुख्य हानी विद्युतक्षेत्राची असते, त्यामुळे ढाल उपयोगी पडते. पण रोधकता ०.०१ ओहम-सेंटिमीटर असलेला, भरपूर डोपिंगचा सबस्ट्रेट घेतला की हाच आकडा सुमारे ५० मायक्रॉनवर येतो. २०० मायक्रॉन व्यासाच्या वेटोळ्याचे क्षेत्र त्याहून खोल जाऊ पाहते, एडी करंट जोरात फिरतात आणि चिरांची ढाल त्यांच्यापुढे काहीच करू शकत नाही.

हानी कोणत्या प्रकारची, हा निवाडा सिम्युलेशनमध्ये ढाल न घालताच करता येतो. प्रत्यक्ष धातू घ्यावा, सिलिकॉनची वाहकता शून्य ठेवावी आणि एक रन करावा. मग खरी वाहकता घालून दुसरा रन. मिळालेल्या टू-पोर्ट माहितीतून पाय-मॉडेल काढले की दोन्ही हानी वेगळ्या दिसतात. सिरीज शाखेतला रोध वाढला तर हानी चुंबकीय, आणि जमिनीकडे जाणाऱ्या शाखांत कंडक्टन्स आला तर ती विद्युतक्षेत्राची. ही वाटणी सेल्फ-रेझोनन्सच्या बरेच खाली वाचावी, त्याच्या जवळ ती सरमिसळ होते. दोन छोट्या रनमध्ये उत्तर मिळते. याउलट शेकडो बारीक पट्ट्यांची ढाल मेशमध्ये घातली की रन कित्येक पटींनी लांबतो. मग मेश हलका करायला पट्ट्या रुंद करण्याचा मोह होतो, आणि रुंद पट्टीत खऱ्या ढालीत नसलेले एडी करंट उमटतात. आणखी एक फसगत जमिनीची. सिम्युलेटरमधली जमीन आदर्श असते, पण चिपवर ढालीपासून जमिनीपर्यंतच्या तारेलाही इंडक्टन्स असतो. ती तार मॉडेलमध्ये नसेल तर निकाल हमखास गोड दिसतो.

ढालीमुळे कपॅसिटन्स वाढतो, सेल्फ-रेझोनन्स खाली येतो, मग फायदा कसला, असा आक्षेप घेतला जातो. इंडक्टर एकटा वापरायचा असेल तर तो रास्त आहे. पण ऑसिलेटरमध्ये इंडक्टरला कपॅसिटर जोडलेलाच असतो. ढालीचा जास्तीचा कपॅसिटन्स त्या हिशेबात सामावून घेता येतो. यू-वाँग यांच्या अभ्यासात २ गिगाहर्ट्झच्या एलसी टँकचा क्यू ढालीच्या इंडक्टरने जवळजवळ दुप्पट झाला होता. म्हणून नुसत्या इंडक्टरचा क्यू पाहून ढाल नाकारणे मला चुकीचे वाटते. तुलना अख्ख्या टँकची व्हावी.

फ्रिक्वेन्सी वाढेल तशी ढालीची गरजही वाढेल, हा समज मात्र टिकत नाही. १० ओहम-सेंटिमीटरच्या सिलिकॉनमध्ये सुमारे १५ गिगाहर्ट्झच्या वर डिस्प्लेसमेंट करंट हा वाहक प्रवाहाला मागे टाकतो आणि सिलिकॉन थोड्या गळक्या डायइलेक्ट्रिकसारखे वागू लागते. शिवाय ६० गिगाहर्ट्झला लागणारे वेटोळे शंभर मायक्रॉनांच्या आतलेच असते, त्यामुळे सिलिकॉनशी होणारी जोडणीही लहान. वाचवण्यासारखे फार उरत नाही, उलट पट्ट्यांची स्वतःची हानी आणि कपॅसिटन्स तेवढे पदरी पडतात. अशा ठिकाणी शेजारच्या सर्किटपासून बचाव हे कारण नसेल, तर मी ढालीशिवायचे वेटोळे निवडीन.